मंगळावर वस्ती करण्याआधी इथे एक बंद घर बांधावे : अवकाश राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्यमंत्री, अवकाश विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

२०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अवकाश स्थानक उभारण्याचे आणि २०४० पर्यंत भारतीय अंतराळवीर चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट शासनाने जाहीर केले आहे. त्यापुढची पायरी म्हणून मंगळावरील मानवी वस्तीचा विषयही आता वारंवार निघतो. अशा चर्चेत प्रक्षेपक किती टन वजन उचलेल याचीच मोजदाद अधिक होते. कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला वेगळाच प्रश्न पडतो : तिथे पोहोचलेली माणसे श्वास कशात घेणार आणि खाणार काय? या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी, वर्षभर पूर्णपणे बंद राहू शकेल अशी निवासी प्रयोगशाळा देशात उभारावी, एवढी एकच विनंती या पत्रात आहे.

मंगळाच्या वातावरणात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि तिथला वायुदाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. ‘पर्सिव्हिअरन्स’ या नासाच्या बग्गीवरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने त्याच हवेतून प्राणवायू वेगळा करून दाखवला, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा चालवून त्यातून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू मिळाला, म्हणजे एका माणसाला जेमतेम साडेतीन तास पुरेल इतका. उपकरण प्रात्यक्षिकापुरते आणि लहान होते, हे मान्य. तरीही प्रात्यक्षिक आणि वस्ती यांत किती अंतर आहे, हे त्यावरून कळते.

यापेक्षाही मोलाचा धडा पृथ्वीवरच मिळालेला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंद वास्तूत सप्टेंबर १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. शेती, झाडे, जनावरे, अगदी छोटा समुद्रसुद्धा आत होता. काही महिन्यांतच आतल्या हवेतील प्राणवायू घटू लागला आणि सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध केलेल्या मातीतील सूक्ष्मजीव झाडे देत होती त्याहून अधिक प्राणवायू वापरत होते. आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड नव्या काँक्रीटमध्ये शोषला जात असल्यामुळे प्राणवायू जातो कुठे, याचा हिशेब लवकर जुळेना. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. ॲरिझोनात तो आणता आला. मंगळाकडे यान पाठवण्याची सोयीची संधी मात्र २६ महिन्यांतून एकदाच येते आणि त्यानंतरचा प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा असतो.

मातीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसाल्टचा आहे, आणि आपल्या दख्खनच्या पठाराचा खडकही बेसाल्टच. लोणारचे विवर बेसाल्टमध्ये आघाताने घडलेले असल्यामुळे मंगळाच्या अभ्यासकांना त्याचे अप्रूप वाटते. पण त्याच खडकाची आपल्याकडे काळी कसदार जमीन झाली ती पाणी, हवा, मुळे आणि असंख्य सूक्ष्मजीव यांनी प्रदीर्घ काळ केलेल्या कामामुळे. मंगळावर आहे तो नुसता भुगा. शिवाय थायरॉइड ग्रंथीला अपाय करणारे परक्लोरेट क्षारही ‘फिनिक्स’ यानाला २००८ मध्ये तिथे सापडले. ते धुऊन काढायला पाणी हवे आणि ते पाणी पुन्हा शुद्धही करता आले पाहिजे. मंगळावर ‘शेती’ करू असे सहज बोलणाऱ्यांनी आधी मुरूम फोडून त्यात मेथी पेरून पाहावी, असे मला कधीकधी वाटते.

अंतराळातील किरणोत्सर्ग आणि मंगळावरचे, पृथ्वीच्या ३८ टक्केच असलेले गुरुत्वाकर्षण हेही मोठे प्रश्न आहेत. पृथ्वीपेक्षा कमी, पण शून्य नव्हे, अशा गुरुत्वाकर्षणात माणूस आजवर सलग तीन दिवसांहून थोडाच अधिक राहिला आहे, तोही चंद्रावर, १९७२ मध्ये. मंगळावर मुले जन्मून वाढू शकतील काय, याचे उत्तर कोणाकडेही नाही; आणि ते मिळाल्याशिवाय ‘वस्ती’ म्हणण्यापेक्षा ‘तळ’ म्हणणे अधिक योग्य.

आपल्याकडे सुरुवात झालीच नाही, असे नव्हे. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मेथी आणि मूग अंकुरवले. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा होता. त्याच वर्षी लडाखमधील त्सो कार येथे दोघांनी दहा दिवस प्रतिरूप निवासात, म्हणजे परग्रहावरील घराची नक्कल असलेल्या निवासात, काढले. पण मेथीची जुडी हाती यायलाही तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा दहा दिवसांत हवा, पाणी आणि अन्न यांचे चक्र जुळते की नाही, हे समजणे अवघड. श्वसनयोग्य हवा राखणारी यंत्रणा कोणताही देश आपल्याला द्यायला तयार नसल्यामुळे ती स्वतःच विकसित करावी लागेल, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष श्री. सोमनाथ यांनी डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात सांगितले होते. गगनयानासाठी ते काम काही दिवसांच्या उड्डाणापुरते करावे लागेल. वस्तीसाठी ते वर्षानुवर्षे चालावे लागेल.

म्हणून ही प्रयोगशाळा केवळ अभियंत्यांच्या हाती न देता राहुरी, अकोला, परभणी, दापोली आणि धारवाड येथील कृषी विद्यापीठांना तिच्या आराखड्यापासूनच सहभागी करून घ्यावे. चार ते सहा जणांचा पहिला मुक्काम किमान एका वर्षाचा असावा. आतील प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि पीक-उत्पादन यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून दरमहा सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला, तरी त्या मागे घेऊ नयेत. येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करण्याबाबत आपल्या विभागाची भूमिका कळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
मृदाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक