पुंकेसर मोजा, मग ‘क्रोकस’ म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळीव झाला त्या आठवड्यातल्या आपल्या रविवार पुरवणीत एका वाचकाच्या गच्चीवरच्या कुंडीचा फोटो आला आहे. फोटो सुरेख आहे, फूलही टवटवीत. खाली ओळ मात्र अशी, की कोल्हापुरात वसंतातला क्रोकस फुलला. ते फूल क्रोकसचे नाही. क्रोकस म्हणजे थंड मुलखातले, गड्ड्यातून उगवणारे छोटे फूल, केशर ही त्याचीच एक जात. ती गुलाबी रेन लिली, शास्त्रीय नाव झेफिरँथस. वळवाने माती भिजली की चार-पाच दिवसांत राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत कित्येक अंगणांत ती वर येते. कुंडीवाल्यांचा काही दोष नाही. त्यांना ते कंद ‘क्रोकस’ म्हणूनच विकले असणार. अशी पाकिटे आपल्याकडे सर्रास मिळतात. पण पेपरात छापून आले की लोक ते कात्रण घेऊन नर्सरीत जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी कोणी प्राध्यापक नव्हे. शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, तिथूनच निवृत्त झालो. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी फुले गोळा करून आणायची, ट्रेमध्ये मांडायची, ब्लेड-सुया पुसून ठेवायच्या, हे माझे काम. सर मुलांना फूल उभे कापायला लावत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे : पुंकेसर किती? मुले हमखास पाकळ्या मोजत बसायची. इथे पाकळ्यांचा काही उपयोग नाही, कारण क्रोकसलाही सहा आणि रेन लिलीलाही सहा. पुंकेसर मोजले की वाद संपतो. क्रोकसला तीन, रेन लिलीला सहा. आपल्या पुरवणीतला फोटो भिंगाखाली धरला तरी सहाच्या सहा पिवळे परागकोश मोजता येतात. मी मोजले.

ज्यांच्या हाताशी झाड आहे त्यांना आणखी खुणा आहेत. रेन लिलीचे फूल लांब हिरव्या दांड्यावर येते आणि पाकळ्यांच्या बुडाशी एक बारीक हिरवा फुगवटा दिसतो, तो बीजकोश. क्रोकसला असा दांडा मातीवर दिसतच नाही. दांडा वाटतो ती पाकळ्यांचीच खाली गेलेली फिकट नळी असते आणि बीजकोश पार मातीत, गड्ड्याजवळ. फूल वाळून गेल्यावर त्याचे बोंड जमिनीतून वर येते. ही गंमत मी पुस्तकातच पाहिली, पण काय सोय आहे बघा : बर्फाने वरचे फूल मारले तरी बी खाली शाबूत. पाती दोन्हींची गवतासारखी, पण क्रोकसच्या पातीवर मधोमध चंदेरी पांढरी रेघ असते. आणि मुळाशी पाहिलेत तर रेन लिलीचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा, क्रोकसचा गड्डा आळकुडीसारखा आतून भरीव आणि वरून तंतूंच्या सालपटात गुंडाळलेला. या सालपटावरूनही जाती ओळखतात. मोठ्या फुलांचा डच क्रोकस, म्हणजे क्रोकस व्हर्नस, त्याचे साल जाळीदार. लवकर फुलणाऱ्या छोट्या क्रोकस क्रिसँथसचे साल बुडाशी कडी-कडीने सुटते. पहिल्याची फुले जांभळी, पांढरी किंवा रेघांची, पेल्याएवढी. दुसऱ्याची लहान, बहुधा पिवळी-मलई रंगाची, पण एका गड्ड्याला बरीच.

हे फक्त हौशी लोकांचे कोडे असते तर मी पत्र लिहिले नसते. गेल्या कोजागिरीला शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. ‘‘भाऊजी, घरचं केशर! आज दुधात हेच घालणार.’’ त्यांनी ‘केशराचे कंद’ ऑनलाइन मागवले होते, पांढरी फुले आली होती आणि आतले पिवळे तंतू खुडून त्यांनी वाटीत ठेवले होते. म्हटले, ‘‘वहिनी, दूध उकळू द्या, आधी फूल दाखवा.’’ सहा पुंकेसर. पांढरी रेन लिली. तिचा कंद तर विषारीच असतो. बाकीचे झाडही पोटात घालायचे नाही. वहिनींनी वाटी उकिरड्यावर रिकामी केली आणि विकणाऱ्याच्या नावाने जे काही म्हणाल्या ते आपण छापणार नाही.

केशराचे फूल जांभळे असते. त्यात तीन पिवळे पुंकेसर असतातच, पण ते टाकून द्यायचे असतात. केशर म्हणजे मधल्या स्त्रीकेसराची तीन लालभडक टोके, पाकळ्यांच्या बाहेर लोंबतील इतकी लांब. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण दीडशे फुले लागतात. आणि ते वसंतात फुलतही नाही. काश्मीरमध्ये पांपोरला त्याची तोडणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात होते. या झाडाला बी धरतच नाही, गड्ड्यापासूनच वाढवावे लागते. त्यामुळे ‘केशराचे बी’ म्हणून जे कोणी विकते, ते पाकीट न फोडताही खोटे समजावे. अशा पाकिटात करडई निघाली तर नवल नको, तिच्या पाकळ्या केशर म्हणून फार पूर्वीपासून खपवल्या जातात.

तिसरा एक तोतया याहून घातक आहे. युरोपात शरद ऋतूत फुलणारे कोल्चिकम नावाचे फूल आहे, त्यालाही लोक क्रोकसच म्हणतात. पुंकेसर सहा. त्यात कोल्चिसिन नावाचे विष असते. डॉक्टर गाऊटच्या (सांधे सुजण्याच्या दुखण्याच्या) रुग्णाला ते अगदी थोड्या मात्रेत देतात, मात्रा चुकली तर जीव जातो. आपल्या कुंपणावरची कळलावी त्याच कुळातली आणि तिच्यातही हेच विष. काश्मीरमध्ये तर याच कोल्चिकमची एक पिवळी जात थेट वसंतात फुलते. सहलीहून आलेली मंडळी तिचे फोटो क्रोकस म्हणून दाखवतात.

आता खऱ्या क्रोकसकडे. माझी सून हॅम्बुर्गला असते. तिथून उत्तरेला हूझुम नावाचे गाव आहे, मार्चमध्ये तिथल्या राजवाड्याच्या बागेत लाखो जांभळे क्रोकस एकदम उमलतात. तिने व्हिडिओ कॉलवर ते दाखवले. दुपारी ऊन आले की फुले उघडतात, ढग आले की मिटतात. तिथे दंतकथा अशी सांगतात, की हे गड्डे मठातल्या साधूंनी, नाहीतर वाड्यातल्या राणीने, केशर मिळेल या आशेने लावले. पण जात वसंतातली निघाली आणि केशर काही हाती आले नाही. मी हे वहिनींना सांगितले. त्यांना राणीबद्दल बरीच सहानुभूती वाटली.

सूनबाईंनी गड्डे पाठवू का विचारले. मी नको म्हणालो. कारण साधे आहे. वसंतातल्या क्रोकसला फुलण्यासाठी तीन महिन्यांच्या आसपास सलग थंडी लागते, पारा ९ अंशांच्या खाली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४-१५ अंशांवर आला तरी आपण शेकोटी पेटवतो. फ्रिजमध्ये थंडी देता येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गड्डे कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवायचे, मात्र त्याच फ्रिजात सफरचंदे-केळी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने गड्ड्यातली कळी मरते. जानेवारीत काढून उथळ कुंडीत, निम्मी भरड वाळू घातलेल्या मातीत, तीन इंच खोल लावायचे. फुले येतीलही, काही दिवस टिकतील. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. क्रोकसचा जुना गड्डा दरवर्षी सुकून जातो आणि त्याच्या माथ्यावर नवा धरतो. तो पोसण्यासाठी पाने दीड-दोन महिने गारव्यात हिरवी राहावी लागतात. इथे मार्चमधले ऊन पाने पिवळी करून टाकते, नवा गड्डा वाटाण्याएवढा राहतो आणि पुढच्या वर्षी नुसते गवत. म्हणजे दरवर्षी नवे गड्डे विकत आणा. हौसेला मोल नसते हे खरे, पण तीन महिने फ्रिजचा एक कप्पा बायकोकडून मागून घ्यायचा, याला हौसेपेक्षा धाडस जास्त लागते.

उलट रेन लिलीला काही म्हणजे काही लागत नाही. मूळ अमेरिका खंडातली, पण इथे रुळली आहे. लाल माती, थोडे शेणखत, पाणी साचू द्यायचे नाही. कुंडी कंदांनी गच्च झाली तरी फुलतेच. मला तर गच्च झालेलीच बरी वाटते. तिच्या नावाने ती लावावी आणि मिरवावी.

आणि ज्यांना बोडक्या जमिनीतून एकदम वर येणारे वसंतातलेच फूल हवे आहे, त्यांनी भुईचाफा लावावा. जुन्या वाड्यांच्या परसात तो असायचा, वाडे पडले तसा कमी झाला. चैत्र-वैशाखात, एकही पान नसताना, मातीला टेकून पांढरे-जांभळे सुगंधी फूल उमलते. पाने मागाहून पावसात येतात, वर नक्षीची आणि खाली जांभळट. हळदीच्या कुळातला आहे, त्याचा पुंकेसर एकच. अर्धी सावली द्यावी. थंडीत पाने गळून गेली की कुंडी रिकामी दिसते, तेव्हा पाणी तोडावे. लोक नेमके तेव्हाच मेला समजून कुंडी उपटतात, किंवा दया येऊन पाणी घालत राहतात आणि कंद कुजवतात. विकत किंवा ओळखीच्याकडून घ्यावा. मसाई पठारावरून पावसाळ्यात कंद उपटून आणणारी मंडळी दिसतात, तो उद्योग कृपया करू नये. पठारावरचे बरेचसे कंद कुंडीत एक पावसाळाही काढत नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीत फुलांचे फोटो घेताना वाचकांकडून दोन मागवावेत : एक लांबून, कुंडीसकट, आणि दुसरा फुलाच्या आत डोकावून, पुंकेसर मोजता येतील असा. छापायला पहिला घ्या. नाव ठरवताना दुसरा समोर ठेवा. पाकिटे विकणाऱ्यांनीही वर शास्त्रीय नाव आणि फुलण्याचा महिना छापावा. फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी आली तर बरे होईल, कारण पाऊस सुरू झाला की कंदांची विक्री जोरात असते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर