एकवीस दिवसांच्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला इंजेक्शनच्या दिवशी आरोग्य केंद्रात आल्यावरच कळलं. तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या सिस्टर बसलेल्या. पारोळ्याच्या एसटीत घरी येईपर्यंत जीव नुसता कासावीस झाला. इतकी वर्षं समोर बसून जे बोलले नाही, ते आता लिहिते. सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते, कारण माझ्यासारखी दम्याचा पंप ओढत बसलेली एखादी बाई अजूनही कुठल्यातरी गावात असेल.

जानेवारी 2019. मला पाचवा महिना. तपासणीच्या टेबलावर तुम्ही सरळ झोपायला सांगितलं आणि मी अर्ध्या मिनिटात उठून बसले. बाकीच्या बाया दाराशी ताटकळत होत्या, तरी तुम्ही घाई केली नाही. माझ्याजवळ बसलात आणि आपल्या अहिराणीत विचारलंत, "दम कितला लागस तुले? खरं सांग माय."

खरं तोवर कोणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं दमा म्हणून पंप चालू होता. रात्री खोकल्यात रक्त दिसलं तेव्हा एका दवाखान्यात टीबीचा संशय घेतला, थुंकीत काही निघालं नाही, पुन्हा पंप. कापूस वेचताना दर दोन ओळींनी बसावं लागायचं. आखाजीला माहेरी गेले तर झोक्यावर गाण्याची एक ओळ पुरी होईना, आणि मैत्रिणी म्हणायच्या, सासरी जाऊन आवाज गेला हिचा.

तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात: लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? मी नऊ वर्षांची असताना आधी गुडघा, मग घोटा, मग कोपर सुजलं होतं. आईनं एरंडाची पानं बांधली, आठ-पंधरा दिवसांत उतरलं, सगळे विसरले. तुम्ही लगेच उठून डॉक्टरसाहेबांना बोलावून आणलंत. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवून बराच वेळ कान लावून ऐकलं आणि धुळ्याला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वॉलचं, म्हणजे झडपेचं, तोंड 0.8 चौरस सेंटीमीटर निघालं. चांगल्या माणसाचं 4 ते 6 असतं म्हणे.

रिपोर्ट हातात धरून मी रडत होते, तेव्हा तुम्ही समजावलंत ते अजून जसंच्या तसं लक्षात आहे. घसा दुखण्याच्या जंतूशी लढता लढता लहानपणी शरीरानं स्वतःच्याच वॉलला इजा केली, आणि वॉलच्या दोन पाकळ्या कडेकडेनं एकमेकींना चिकटत गेल्या. "ब्लाऊजचं काज दोन्ही टोकांनी शिवत आणलं तर बटण जाईल का? तसं झालंय." त्यात गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. एवढं रक्त त्या बारीक काजातून जाईना, म्हणून ते मागे फुफ्फुसात तुंबत होतं. दमा नव्हताच.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयापर्यंतची धावपळ यांनी केली. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बसेल, हे मात्र तुम्हीच आधी सांगून ठेवलं होतं. आधी पाणी काढायच्या आणि धडधड कमी करायच्या गोळ्या देऊन पाहिल्या. भागलं नाही, तेव्हा फेब्रुवारीत बलून करायचं ठरलं.

छाती उघडतील या भीतीनं सासूबाईंनी कानबाईला नवस बोलला होता. छातीला कोणी हातही लावला नाही. बाळाला किरण लागू नयेत म्हणून पोटाभोवती शिशाचा जड पट्टा गुंडाळला, जांघेत बधिर करायची सुई दिली, आणि मी पूर्ण जागी होते. शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात, तिथून मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डाव्या कप्प्यात. टोकाचा फुगा वॉलमध्ये नेऊन फुगवला की चिकटलेल्या कडा सुटतात. फुगा क्षणभरच फुगवतात. हा फुगा इनोऊए नावाच्या जपानी सर्जननं काढला आणि 1982मध्ये पहिल्यांदा वापरला, असं तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं. मला त्यातलं एकच आठवतं: कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "प्रेशर 28 वरून 12." त्या रात्री मी उशीशिवाय झोपले. सिस्टर, दोन वर्षांनी!

तिथंच शहाद्याचे एक आजोबा भेटले. त्यांचा हृदयातला माझ्यापेक्षा वेगळा वॉल वयानं चुना साचून कडक झाला होता. अशा वॉलला नुसता फुगा टिकत नाही, नळीतूनच घडी घातलेला नवा वॉल बसवतात. 2002 पासून जगात हे करतात, पण खर्च कित्येक लाखांत जातो. त्यांची मुलं जिन्याखाली बसून हिशोब मांडत होती. त्यांचं पुढं काय झालं कळलं नाही, पण आठवण येते.

मुंबईच्या डॉक्टरांचे पाय धरून आले. पण तो फुगा एका दिवसाचा होता, आणि तुम्ही दर एकवीस दिवसांनी होतात. वॉल पुन्हा खराब होऊ नये म्हणून 12 लाख युनिटचं पेनिसिलिन वर्षानुवर्षं घ्यायचं. रिअॅक्शनच्या भीतीनं दोन खासगी दवाखान्यांनी ते द्यायला नाही म्हटलं. तुम्ही डॉक्टर हजर असल्याची खात्री करायच्या, तातडीचं औषध ट्रेमध्ये काढून ठेवायच्या, आणि मग ती गार बाटली दोन्ही तळहातांत धरून बसायच्या. दुधासारखं घट्ट औषध, सुईत अडकतं, गार दिलं तर जास्त ठणकतं. ते हळूहळू द्यायच्या, आणि नंतर अर्धा तास मला बाकावरून हलू द्यायच्या नाहीत. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होती, तेव्हा तुम्ही यांना फोन केलात, "मोटारसायकलवर आणा. पोलिसांनी अडवलं तर माझ्याशी बोलणं करून द्या." एकही तारीख चुकली नाही.

त्या पोटातली पोरगी आता पहिलीत जाते. तिचा घसा दुखून ताप आला की मी त्याच दिवशी दवाखाना गाठते. हेही तुमचंच शिकवणं.

माझ्या वहीत पुढच्या अख्ख्या वर्षाच्या तारखा तुमच्या अक्षरात लिहिलेल्या आहेत. बदलीचं तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच लिहून ठेवल्यात ना? परवाचं इंजेक्शन नव्या सिस्टरांनी दिलं. त्यांनीही बाटली आधी तळहातांत धरली. मी बघतच राहिले, तर त्या म्हणाल्या, "जुन्या सिस्टर सांगून गेल्यात."

तुमची,
पारोळा तालुक्यातली एक लेक