हिरवं गोल आणि सकाळची गोळी

महोदय,

मुलुंडहून सुटलेली धीमी लोकल शीव सोडून पुढे निघाली, तेव्हा माझ्या यजमानांच्या फोनवरचं, उपासाचे तास मोजणाऱ्या अ‍ॅपचं हिरवं गोल १३ तास ४० मिनिटं दाखवत होतं. सदरा घामाने पाठीला चिकटला होता, बोटं थरथरत होती आणि शेजारचा काय बोलतोय ते त्यांना कळेनासं झालं होतं. पिशवीत डबा होता, डब्यावर केळं होतं. ते त्यांनी काढलं नाही. रोजच्या उपासाचे १६ तास भरायला अजून २ तास २० मिनिटं बाकी होती, आणि मध्येच खाल्लं तर सलग २३ दिवसांचा आकडा शून्यावर आला असता.

गाडीच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांना स्वतःला मधुमेह आहे. त्यांनी चेहरा पाहूनच ओळखलं. बाटलीत ग्लुकोजची पावडर कालवली, जवळजवळ बळेच पाजली आणि ह्यांना दादरला उतरवून वैद्यकीय कक्षात नेलं. ग्लुकोज पोटात गेल्यानंतरही साखर ६२ भरली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. आधी किती उतरली असेल याचा विचार मी आजही करू शकत नाही.

यजमान ६१ वर्षांचे आहेत, मशीद बंदरला एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. साखरेसाठी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. पूर्वी गोळी आणि पाठोपाठ पोहे किंवा पोळी-भाजी, असा वर्षांचा परिपाठ. उपास सुरू झाल्यावर नाश्ता बंद झाला, गोळी मात्र आठच्या ठोक्याला चालू राहिली. आमच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. साखरेसाठी नुसतं मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्याला हा धोका फार कमी असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने पुढे ढकलायची नसते.

मी उपासाच्या विरोधात नाही, हे मुद्दाम सांगते. मी स्वतः तेच विजेट, म्हणजे फोनच्या पडद्यावरच दिसणारं ते गोल, वापरते. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर माझं रात्री उशिरापर्यंत काहीतरी तोंडात टाकणं वाढलं होतं. फोन हातात घेतला की समोरच तास दिसतात, अ‍ॅप उघडावं लागत नाही, आणि फरसाणाच्या डब्याकडे गेलेला हात मागे येतो. मला कोणतीही गोळी नाही, त्यामुळे मला त्याचा फायदाच झाला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाची लाट आली तेव्हा आमच्या इमारतीत कितीतरी घरांत ५५ मिनिटांच्या आत ताट संपवलं जायचं. तेव्हा निदान जिन्यात, गच्चीवर बोलणं व्हायचं. कोणाला कसली गोळी आहे ते एकमेकांना माहीत असायचं. फोनवरचं गोल ज्याचं त्याच्यापाशी असतं.

आमच्या शाळेतल्या एक सहकारी बाई मधुमेही होत्या आणि रोजे ठेवत. रमजान लागण्याच्या महिना-दीड महिना आधी त्या डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घेत. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथल्या तिथे सोडायचा, हेही त्यांना बजावलेलं असे. माझ्या सासूबाई संकष्टीला पेपरात चंद्रोदयाची वेळ बघून बसत, पण आजारपणात दूध-फळं घ्यायला त्यांनाही कोणी अडवलं नाही. मोडण्याची मुभा आपल्या जुन्या उपासांत आहे. विजेटात ती दिसत नाही.

आमच्या मुलाने अ‍ॅप लावून दिलं तेव्हा सुरुवातीला आजारांबद्दल एक सूचना आली होती. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. त्याने 'पुढे, पुढे' दाबलं. त्याची चूक काढायची तर मीही शेजारीच बसले होते. पण ती सूचना एकदाच दिसली, आणि गोल दिवसातून पन्नास वेळा दिसतं.

शिवाय त्या गोलावर पूर्ण विसंबूनही चालत नाही. माझ्या फोनवर ते एकदा दुपारपर्यंत ११ तासांवरच अडकून होतं. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की फोन अ‍ॅपला मागे झोपवतो, असं मुलाने सांगितलं. अँड्रॉइडमध्ये विजेट ठरावीक वेळाने आपोआप ताजं करण्याची किमान मुदतही ३० मिनिटं आहे, म्हणे. मला त्याने काही बिघडलं नाही. गोळी-जेवणाचा हिशेब त्यावर ठेवणाऱ्याचं बिघडू शकतं.

ही अ‍ॅप बनवणाऱ्यांत आपली मुंबई-पुण्याची मुलंही असतील, त्यांना माझं कळकळीचं मागणं आहे. पहिलं गोल सुरू होण्याआधी 'तुम्ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेता का?' हा एकच प्रश्न मराठीत, ठळक अक्षरांत विचारा, आणि उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय १६ तासांचा पर्याय उघडू नका. आयफोनच्या विजेटवर २०२३ पासून बटण देता येतं, अँड्रॉइडवर तर त्याच्याही आधीपासून. मग 'बरं वाटत नाही, उपास सोडतो' असं बटण गोलाच्या शेजारीच ठेवा, आणि ते दाबल्यावर सलग दिवसांचा आकडा पुसू नका. त्या २३ च्या आकड्यापायी माझ्या नवऱ्याने केळं खाल्लं नाही.

फॅमिली डॉक्टरांनीही साठीच्या पुढच्या मधुमेही पेशंटला 'पथ्य पाळता ना?' एवढंच न विचारता 'फोनमध्ये उपासाचं काही लावलंय का?' असंही विचारावं. आमच्याकडे ते कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

आता डॉक्टरांनी ह्यांना १२ तासांवर आणलं आहे. रात्री आठला जेवण, सकाळी आठला नाश्ता आणि गोळी नाश्त्याबरोबर. हिरवं गोल त्यांनी स्वतःच काढून टाकलं. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मी ग्लुकोजची पुडी ठेवते. पहिल्या दिवशी दोन ठेवल्या होत्या, त्यातली एक गाडीतल्या त्या गृहस्थांना परत करायला.

– एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई