गच्चीच्या कामाचे पैसे कसे द्यायचे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

गच्चीच्या गळतीचं काम दोन लाखांत ठरतंय आणि मेस्त्री एक लाख आधी मागतायत, असं बाबा फोनवर म्हणाले. एवढी उचल देऊ नका. माणूस लबाडच असेल असं नाही. पण अशी उचल बऱ्याचदा आधीच्या कामाची उधारी फेडण्यात जाते. मग आपल्याकडे सिमेंट आणायला ते तिसऱ्याच घरची उचल शोधतात आणि आपली गच्ची फोडलेली तशीच राहते. खानापूरच्या पावसात फोडलेली गच्ची गळक्या गच्चीपेक्षाही वाईट.

आधी बाबा आणि मेस्त्री दोघांनी मिळून टेप लावा. पॅरापेटच्या (कठड्याच्या) आतलं माप साधारण ६०० चौरस फूट आहे. पॅरापेटला एक फूट वर चढणारा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, याच दरात की वेगळा, ते आताच विचारा. शेवटच्या बिलात वाद होतो तो इथेच. कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफिंग’ एवढाच शब्द चालणार नाही. जुना कोबा काढणं, भेगा व्ही आकारात उघडून भरणं, कोटिंगचे किती हात आणि कोणत्या कंपनीचं, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, पाइपच्या तोंडाकडे १०० ला १ उतार, राडारोडा कोण उचलणार, असं सगळं कामवार हवं. खालच्या छताचं प्लास्टर काढल्यावर गंजलेल्या सळ्या निघाल्या तर त्याचा दरही आधीच ठरवा. काम अर्धं उघडं असताना आपल्याला घासाघीस करता येत नाही.

पैसे असे द्या. सुरुवातीला २०,०००. जुना कोबा निघाला, भेगा भरल्या आणि राडारोडा दारातून गेला की ५०,०००. कोटिंग झाल्यावर, कोबा घालण्याआधी, पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवायचं. खालून ओल आली नाही तर ६०,०००. ही चाचणी अजिबात सोडू नका. कोबा पडल्यावर कोटिंगमधला दोष दिसत नाही, आणि शोधायचा तर पुन्हा फोडावं लागतं. दोन इंचांना साधारण २,८०० लिटर पाणी लागेल. टँकरचे पैसे कुणाचे तेही लिहून घ्या. कोबा होऊन त्यावर किमान सात दिवस पाणी ठेवून पुन्हा तशीच चाचणी झाली की ५०,०००. उरलेले २०,००० एक अख्खा पावसाळा गेल्यावर. या अटीवर कुरकुर होईल. नाहीच जमलं तर दर थोडा वाढवून द्या, पण शेवटची रक्कम हातात ठेवा.

करार ई-स्टँपवर करा. तो कन्नडमध्ये टाइप झाला असेल तर मराठी प्रतही मागा, आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. बाबांना बोलता येतं, पण कायदेशीर कन्नड वाचून सही करणं वेगळं. रक्कम बँकेतून किंवा चेकने, मेस्त्रींच्या स्वतःच्या खात्यावर. पुतण्याच्या किंवा दुकानदाराच्या नव्हे.

सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं परत पाठवा. वाळू आपण आणणार असू तर टिपरमध्येच मोजा: लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून १०० ने भागलं की ब्रास. उंची चार-पाच ठिकाणी सळी खुपसून बघा, कारण ढीग सगळीकडे सारख्या उंचीचा नसतो. ओली वाळू फुगते, तिचं माप जास्त भरतं. हार्डवेअरवाल्याला सांगून ठेवा की बाबांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय आपल्या नावावर माल द्यायचा नाही.

बिघडलंच तर अशा घरदुरुस्तीला रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांचा कायदा) लागू होत नाही. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो, बिलं आणि पावत्या एका फाइलीत ठेवा.

आई, कामगारांना चहा-नाश्ता खुशाल दे. मध्येच मागितलेले पाचशे-हजार मात्र वहीत लिहून त्यांची सही घे. शेवटच्या हिशेबातून तेच सुटतात. कोटेशन आलं की फोटो पाठवा, मी वाचल्यावरच सही करा.

तुमची लेक