आरसीसीबी काढू नका, आधी न्यूट्रल तपासून घ्या

महोदय,

आमच्या घरी गिझरचे बटण दाबले की डीबीतला (घराच्या मुख्य वीज-बोर्डातला) आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच पुरवठा तोडणारे यंत्र, ज्याला बहुतेक लोक अजूनही ईएलसीबी म्हणतात, लगेच ट्रिप होत असे. बोलावलेल्या वायरमनला गिझरमध्ये दोष सापडला नाही, तेव्हा त्याने आरसीसीबीच बायपास करून दिला. पुढे दुसऱ्या जाणकार वायरमनने एकेक सर्किट सोडवून मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासले, तेव्हा बेडरूमच्या एका बोर्डात न्यूट्रलचे सोललेले टोक अर्थिंगच्या तारेला टेकलेले आढळले. अशी बायपास केलेली घरे मी आणखीही पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

आरसीसीबी फेजने आत गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. दोन्ही सारखे असतील तर तो स्वस्थ राहतो; मात्र काही करंट ओल्या भिंतीतून, गिझरच्या तडकलेल्या एलिमेंटमधून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे गेला, तर परत येणारा करंट तेवढा कमी पडतो आणि ही तफावत 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत यंत्र क्षणार्धात पुरवठा तोडते. एमसीबी हे काम करू शकत नाही, कारण तो कित्येक अँपिअरचा जादा भार किंवा शॉर्टसर्किट ओळखण्यासाठी असतो आणि माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या दृष्टीने नगण्य असतो.

आमच्या घरी नेमके असे घडत होते की गिझरचा आठ-नऊ अँपिअर करंट परतताना त्यातला थोडा भाग बेडरूममधल्या त्या सांध्यातून अर्थिंगकडे वळत होता. एखादा दिवा लावल्यावर वळणारा हिस्सा अगदीच क्षुल्लक असल्याने यंत्र पडत नसे आणि त्यामुळे संशय निर्दोष गिझरवर येत होता. बोर्डावरील बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. म्हणून त्या बोर्डाची सगळी बटणे बंद ठेवूनही दोष हटत नव्हता. इन्व्हर्टर बसवताना दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केले, म्हणजे फेज आरसीसीबीतून गेला पण न्यूट्रल बाहेरून परतला, तरीही यंत्र असेच पडते.

याहून घातक प्रकार जुन्या इमारतींत दिसतो. अर्थिंग नसलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला जंपर, म्हणजे तारेचा तुकडा, दिला जातो. तिथे आरसीसीबी बसवला, की उपकरणाचा पत्रा ओल्या जमिनीला किंवा नळाच्या पाइपला टेकताच तो ट्रिप होऊ शकतो आणि दोष नव्या यंत्राला दिला जातो. यंत्र काढून जंपर तसाच ठेवला आणि कधी सॉकेटच्या मागे, पुरवठ्याच्या बाजूला न्यूट्रल तुटला, तर फ्रीजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येऊ शकतात. असे काम पैसे घेऊन करून देणे मला अक्षम्य वाटते.

माझी विनंती आहे की गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक घराचे न्यूट्रल वेगळे आहेत ना आणि इन्सुलेशन शाबूत आहे ना, हे मेगरने तपासून घ्यावे. आरसीसीबीवरचे ‘टी’ (टेस्ट) बटण रहिवाशांनी महिन्यातून एकदा स्वतः दाबावे. ते दाबल्यावर पुरवठा तुटला नाही, तर यंत्र ताबडतोब बदलावे. तुटला, तर यंत्र चालू आहे एवढेच सिद्ध होते. अर्थिंग ठीक आहे की नाही हे त्या बटणाने कळत नाही, ते वेगळे मोजून घ्यावे लागते.

— एक वाचक, डोंबिवली