लहान-मोठ्या अक्षरांनी हरवणाऱ्या फाइली

महोदय,

लिनक्स या संगणक प्रणालीवर मोठ्या 'आर'ची 'रिपोर्ट' आणि लहान 'आर'ची 'रिपोर्ट' या दोन वेगळ्या फाइली असतात. दोन्ही पेन ड्राइव्हवरून विंडोजवर नेताना दुसरी पहिलीच्या जागी बसू पाहते. घाईत 'रिप्लेस' दाबले की पहिली गेलीच. विंडोज आणि मॅक नाव लिहिले तसे जपतात, पण मूळ सेटिंगमध्ये शोधताना हा फरक मानत नाहीत. म्हणूनच पानात चित्राच्या नावाचे लहान-मोठे अक्षर चुकले, तर तिथे नीट दिसणाऱ्या संकेतस्थळाची चित्रे लिनक्स सर्व्हरवर गायब होतात, आणि दोष उगाच सर्व्हरला दिला जातो. नावे पहिल्यापासून लहान अक्षरांतच ठेवावीत. गिट या फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात जुने नाव बदलताना त्याच्याच 'गिट एमव्ही' आज्ञेने आधी तात्पुरते तिसरेच नाव द्यावे, मग हवे ते. नाहीतर गिटला बदल बरेचदा दिसतच नाही.

– एक संगणक व्यवस्थापक