तुझ्या त्या पट्टीबद्दल

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू नीट बोलला नाहीस, मीही मग जास्त विचारलं नाही, पण फोन ठेवल्यावर मला काही झोप लागली नाही. आत्ता दुपारचं दुकानात कुणी नाही म्हणून लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, मेसला जायच्या घाईत असशील तर रात्री निवांत वाच.

दोन आठवडे रात्र रात्र जागून तू ती पीळवाली पट्टी केलीस, आधी कागदाची मग पत्र्याची, मला व्हिडिओ कॉलवर फिरवून फिरवून दाखवलीस, आणि सरांनी एका मिनिटात सांगितलं की हे आधीच झालंय, मॅक्स बिलने केलंय, याला मोबियस म्हणतात. सरांचं बरोबरच असेल, ते शिकलेले आहेत. पण तू ती डस्टबिनमध्ये टाकून आलास हे ऐकलं ना, ते मला फार लागलं.

मग मी ताईला म्हटलं हा मॅक्स बिल कोण ते मला शोधून दे. चार दिवस रात्री मशीन बंद केलं की आम्ही दोघी तेच वाचतोय. ताई इंग्लिश वाचते आणि मला सांगते. आणि बाळा, मला तर वाटतं त्या माणसाचं नाव ऐकून तू खूश व्हायला हवं होतंस, कारण त्याच्याबरोबर अगदी हेच झालं होतं. अगदी हेच!

१९३५ सालची गोष्ट. हा बिल स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला राहायचा, शिल्पं-चित्रं करणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा. मार्सेल ब्रॉयर म्हणून त्याचा बाउहाउसचा, म्हणजे जर्मनीतल्या त्या डिझाइनच्या शाळेतला, जुना मित्र होता, तोच तो खुर्च्यांवाला, तुला माहीत असेल. तो म्हणाला लंडनला एक नमुन्याचं घर करायचंय, त्यात सगळं विजेवर, शेकोटीसुद्धा विजेची. आता विजेच्या शेकोटीला ज्वाळा नाहीत, मग माणसं बसून बघणार काय? म्हणून वर टांगायला असं काहीतरी कर की गरम हवा वर गेली की ते आपोआप फिरेल. झालं, हा कागदाच्या पट्ट्या कापून पीळ देऊन चिकटवत बसला, तू बसलास तसाच, आणि करता करता त्याला एक पट्टी मिळाली जिला आतली बाजू बाहेरची बाजू असं काही नाहीच. त्याला वाटलं हे आपल्यालाच सापडलं. नंतर कुणीतरी त्याचं कौतुक करता करताच सांगितलं की तुम्ही मोबियसची पट्टी काय छान नव्याने केलीत. त्याने हे नावच ऐकलं नव्हतं! गणिताची त्याला तोपर्यंत फारशी आवडही नव्हती हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. वाईट वाटलं असणारच, काही काळ त्याने ते काम बाजूलाही ठेवलं. आणि मग परत हातात घेतलं.

आणि हे ऐक, मोबियसचं पण तसंच. तो जर्मन गणितज्ञ, १८५८ मध्ये त्याला ती पट्टी सापडली, आणि त्याच वर्षी लिस्टिंग नावाच्या दुसऱ्या जर्मन माणसालाही सापडली, दोघांनी आपापली. म्हणजे पहिला कोण यावरच सगळं असतं तर लिस्टिंगने पण डस्टबिन शोधली असती का?

मला विचारशील तर मला पण सापडलीय ती. हसू नकोस, खरंच सांगते. नेफ्यात घालायचं इलॅस्टिक जोडताना घाईत एक पीळ राहून जातो, आणि एकदा टाका घातला की तो पीळ कुठेच सरकवून काढता येत नाही, पूर्ण उसवावं लागतं. पंधरा वर्षं मी त्याला चूक म्हणत आले. परवा एक तसंच झालेलं इलॅस्टिक मी उसवलं नाही, मार्किंगच्या खडूने मधोमध रेघ ओढत गेले आणि खडू न उचलता दोन्हीकडून रेघ उमटून परत सुरुवातीला आले. मग ताई म्हणाली त्या रेघेवर काप. कापलं, तर दोन तुकडे झालेच नाहीत, एकच मोठी पट्टी झाली दुप्पट लांबीची. आम्ही दोघी रात्री अकरा वाजता बघतच बसलो.

तर त्या बिलने पुढे काय केलं, तर तीच पट्टी ग्रॅनाइटमध्ये केली. कागदाला पीळ देणं सोपं आहे रे, दगडाला कसा देणार? दगड तर सगळा आतून कापूनच काढायचा, एक ठिकाणी जास्त गेलं की संपलं. तुझ्या ताईने फोटो मोठा करून दाखवला, कडा बघ कशी धारेसारखी फिरत जाते, कुठे थांबल्यासारखी दिसतच नाही. स्टीलमध्येही ‘त्रिपक्षीय एकता’ का असं काहीतरी नाव असलेलं शिल्प केलं, त्याला १९५१ ला ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या मोठ्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आणि तिकडच्या कितीतरी तरुण आर्टिस्टांना त्यातून वाट दिसली म्हणतात. आणि १९८६ मध्ये फ्रँकफर्टला एका बँकेच्या उंच टॉवरपुढे ग्रॅनाइटचं प्रचंड शिल्प उभं केलं, नाव काय, तर ‘सातत्य’. त्याची कल्पना त्याने चाळीसच्या दशकातच केली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस तरुणपणीचीच गोष्ट परत करतोय!

तो मुळात शिकलेला होता चांदीकाम, झुरिकच्या कलाशाळेत. हे वाचून मला आपल्या हुपरीची आठवण आली, मावशीच्या गल्लीत दिवसभर ठोकठोक चालायची ती. मग बाउहाउसला गेला, तिथे क्ले, कांडिन्स्की असे मोठे चित्रकार शिकवायला. परत आल्यावर पोट कशावर भरलं तर पोस्टर आणि जाहिरातींवर. म्हणजे तुला तो लग्नपत्रिकेचा डिझाइनचा जॉब कमीपणाचा वाटतो ना, तो तसा वाटून घेऊ नकोस.

त्याचं मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र शिल्प नाहीच. १९३८ मध्ये पॅरिसला छापलेली लिथोग्राफची, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांची, एक मालिका आहे, एकाच विषयाच्या पंधरा तऱ्हा. एक मूळ आकृती, त्रिकोणापासून सुरू होऊन बाजू वाढत वाढत आठ कोनापर्यंत जाणारी एकच रेघ, आणि मग तिचीच पंधरा चित्रं, कुठे नुसते ठिपके, कुठे गोल, कुठे रंगाचे पट्टे. हे मला न सांगता कळलं. माझ्याकडे खाकी कागदावरचं कटोरीचं एकच कटिंग आहे, सासूबाईंच्या हातचं, त्यावर मी किती ब्लाऊज शिवले असतील, आणि एकसारखा दुसरा नाही. कटिंग माझं नाही म्हणून ब्लाऊज माझा नाही असं मला कधी वाटलं नाही.

अजून एक, त्याने जर्मनीत उल्म गावी इन्गे शोल आणि ओटल आयशर यांच्याबरोबर डिझाइनची शाळा काढली. इन्गेचे भाऊ-बहीण, हान्स आणि सोफी, यांना नाझींनी १९४३ ला मारलं होतं, पत्रकं वाटली म्हणून. त्यांच्या आठवणीतून ती शाळा उभी राहिली. पैसे नव्हते, तेव्हा १९५४ मध्ये बिल आणि हान्स गुगेलोट यांनी शाळेसाठी एक स्टूल केलं, तीन फळ्या आणि खाली एक गोल दांडी, बस्स. बसा, उलटं करून सामान भरून दांडीला धरून न्या, आडवं ठेवून त्यावर पुस्तकं ठेवा. साधं म्हणजे किती साधं! पुढे वाद होऊन तो १९५७ मध्ये तिथून निघाला आणि १९६८ ला शाळाच बंद पडली, ते वाचून मला हळहळ वाटली. पण तुमच्या पवईच्या आयआयटीतलं डिझाइनचं आयडीसी १९६९ मध्ये ज्यांनी सुरू केलं ते सुधाकर नाडकर्णी त्याच उल्मला शिकून आलेले, हे ताईने सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हणजे तू ज्या वर्गात बसतोस तिथपर्यंत कुठून कुठून काय आलंय बघ.

१९९४ मध्ये बर्लिनच्या विमानतळावर बिल वारला, शहाऐंशी पूर्ण व्हायला तेरा दिवस बाकी होते. त्या वयातही प्रवासात होता.

सरांना परत भेट. त्यांना हे विचार की बिलने ज्या ठिकाणी सोडलं तिथून पुढे काय करता येईल, आणि ते काय म्हणतात ते मला सांग. उत्तर कडक असलं तरी सांग.

उद्याच्या कुरिअरने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचं पीठ पाठवतेय, त्याच डब्यात वर एक पिशवी आहे, तिच्यात इलॅस्टिकच्या सहा पट्ट्या आहेत. एकीला एक पीळ, एकीला दोन, असं करत सहापर्यंत दिलेत. मी फक्त पहिल्या दोन कापून बघितल्या, बाकीच्या तुझ्यासाठी ठेवल्यात. कात्री चांगली घे, इलॅस्टिकला बोथट कात्री चालत नाही. काय होतं त्याचे फोटो पाठव, ताई पण वाट बघतेय.

तुझी,
आई